फळ्यावर स्वतःचं टेबल लिहिणारे बाबूजी

आमच्या तालुक्याच्या कचेरीतले बाबूजी रोज सकाळी खुर्चीवर बसण्याआधी व्हरांड्यातला फळा पुसत. मग त्यावर अडकलेले अर्ज लिहीत: गाव, काम आणि अर्ज कुणाच्या टेबलावर थांबलाय ते. त्यात त्यांचंही टेबल असे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाकीच्यांना ते आवडत नसे. "बाबूजी, रोज आमची वरात काहून काढता?" असं एका कारकुनानं माझ्यासमोरच विचारलं होतं.

"वरात कायची? पत्ता लिहून राहिलो. लोक विचारत फिरतात, अर्ज कोठी हाये म्हून," ते म्हणाले आणि खडू खिशात टाकला. त्यांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा.

ते मूळचे अकोल्याचे. माझी त्यांची ओळख उत्पन्नाच्या दाखल्यामुळे झाली. बाबा फुलं आणि भाजीपाला विकतात. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. अमरावतीला वसतिगृहात जागा मिळाली तरच कॉलेज, असं घरात ठरलं होतं, आणि जागेसाठी दाखला लागत होता. कचेरीत दर वेळी एक नवा कागद निघे. तिसऱ्यांदा बाबा आणि मी तसेच परत निघालो, तेव्हा बाबूजींनी हाक मारली. "भाऊ, सगळे कागद एकदम नाई सांगतले कोणी?" त्यांनी पूर्ण यादी लिहून दिली. "याच्यावर एकही जास्तीचा मांगतला, तं मले येऊन सांगजा."

अर्ज गेला. वसतिगृहाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दाखला घ्यायला गेलो, तर अर्ज नामंजूर. शेरा होता: अर्जदार गावात राहत नाही.

"गावात नाई, तं का आभायात राहतो आमी?" बाबा चिडून म्हणाले.

बाबूजींनी संगणकावर अर्ज उघडून पाहिला. आमचं गाव बुद्रुक. ओढ्यापलीकडे त्याच नावाचं खुर्द आहे. चौकशीसाठी आमचा अर्ज बाबूजींनीच चुकून खुर्दच्या तलाठ्याकडे पाठवला होता. त्यानं लिहिलं ते खरंच होतं.

ते उठून फळ्यापाशी गेले आणि आमच्या गावापुढे लिहिलं: चूक माझी. मग साहेबांना सांगून स्कूटरवर आमच्या तलाठ्याकडे गेले. कचेरी बंद होण्याआधी दाखल्यावर सही झाली. मला जागा मिळाली.

पण फळ्याचा फोटो कुणीतरी अमरावतीला वरच्या कचेरीत पोचवला. कार्यालयाची बदनामी केली म्हणून बाबूजींना नोटीस आली, आणि पाठोपाठ मेळघाटात बदली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते कपाट रिकामं करत होते.

"आमच्यामुळं झालं," मी कशीबशी म्हणाले.

"तुमच्यामुळं कायचं? चूक तं माह्या हातून झाली."

"मी वर पत्र लिहू का? तुम्ही एका दिवसात काम करून दिलं म्हणून?"

"लिही. पण चूक झाली होती, थे गाळू नको. नाई तं पत्र खोटं होईन."

सरकारी कचेरीला लिहिलेलं ते माझं पहिलं पत्र. चार वेळा लिहिलं. ते वाक्य गाळावं असं चारही वेळा वाटलं, पण ठेवलं. पत्राची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येत्या सोमवारी कॉलेज सुटल्यावर वरच्या कचेरीत विचारायला जाणार आहे. बाबा सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं.