स्लॅबवरचं लुगडं

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझा धाकटा भाऊ सुहास विमानासह आमच्या उसात पडला. विमानात तो एकटाच होता. तो गेला.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांच्या पुस्तकांवर शिक्के मारून ती कपाटात लावायची, एवढाच माझा अशा गोष्टींशी संबंध होता. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही मनात शंकाच असायची...

आमचं घर कोडोलीबाहेर, शेतातच. सुहास विमान चालवायला शिकवायचा. छोटं विमान घेऊन कोल्हापूरला येताना तो वाट थोडी वाकडी करून घरावरून जायचा. वरून सगळं शिवार सारखंच दिसतं म्हणून आई स्लॅबवर तिचं तांबडं इरकल लुगडं पसरायची. ते दिसलं की हा उसाच्या तुऱ्यांपर्यंत खाली यायचा. हे नियमात बसत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही. तरी आम्ही हौसेनं हात हलवायचो.

आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"आक्का, उद्या डोक्यावरनं जाणार हाय. लुगडं काढून ठेव."

"न्हाय पसरणार. आठ दिवस झालं, उसावरनं विजेच्या नव्या तारा ओढल्यात."

"लई भित्री हायस की! बरं, लुगडं न्हाय दिसलं तर वरनंच जातो. शब्द."

मंगळवारी सकाळीच आई कोल्हापूरला मावशीकडे गेली होती. घरी मी एकटी. लुगडं कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. मी स्लॅबवर गेले नाही. विमानाचा आवाज आला, तो खाली खाली येत गेला... आणि तारा तुटल्याचा आवाज झाला.

शेजारचे दत्तूकाका भांगलणीचं खुरपं टाकून धावत आले होते. दुपारी उशिरा, सगळं झाल्यावर बांधावर बसून ते म्हणाले, "पोरी, तारा हायत म्हाईत असून स्लॅबवर लुगडं कशाला घातलंतंस?"

"मी न्हाय घातलं, काका."

"या डोळ्यांनी बघितलंय की!"

मी घरी येऊन आधी स्लॅबवर गेले. तिथे काही नव्हतं. मग कपाट उघडलं. लुगडं जागेवर होतं, आईच्या हातची घडीही तशीच. हात लावला — कापड तापलेलं होतं. दोरीवरून आत्ताच काढल्यासारखं.

तरीही मी मनाची समजूत घातली. काकांचं वय झालंय, कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, दुपारच्या उन्हानं तापलं असेल... मग चौकशीवाल्यांनी सुहासचा फोन परत दिला. त्यातला शेवटचा फोटो आमच्या घराचा, वरून काढलेला. स्लॅबवर तांबडा चौकोन. मी म्हटलं, जुना असेल. आईनं फोन डोळ्यांजवळ धरला आणि उसाच्या कडेला बोट ठेवलं. नव्या तारांचे खांब. ते उभे राहिल्यावर तो एकदाच आला होता.

"तुझ्याबिगर घरात कोण हुतं?"

"कोण न्हाय."

"मग खोटं का बोलतीस? हौसंनं घातलंस, एवढं तरी कबूल कर. मी काय मारणार हाय व्हय तुला?"

मी कबूल केलं नाही. कधीकधी वाटतं, करून टाकावं. पण लुगडं मी घातलेलंच नाही. तो फोटो मी फोटोग्राफी जाणणाऱ्या दोघांना दाखवला. दोघंही म्हणाले, फोटो खरा आहे. यापुढे मला काही सांगता येत नाही.

आता घरात आम्ही दोघीच आहोत. आई माझ्या हातचं जेवते. माझ्याशी बोलत नाही.