ईदच्या सांदणांना मी नको म्हटलं

मंडळी, आज सकाळच्या वागण्याची मला अजून लाज वाटतेय.

दात वाकडे झाले म्हणून निवृत्तीनंतर मी अलाइनर लावलेत, म्हणजे दातांवर बसणारे पारदर्शक साचे. खाताना ते काढावे लागतात. चारचौघांत तोंडात बोटं घालणं कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मला जमत नाही. शिवाय या वयातली ही हौस मी कुणालाच सांगितली नव्हती.

दरवर्षीप्रमाणे ईदला शेजारच्या जुबेदाकडे गेले, पण साचे घरीच काढून ठेवायचं विसरले. खोली पाहुण्या बायकांनी भरलेली. तिने तांदळाच्या रव्याची वाफवलेली गरम सांदणं पुढे केली.

"आज नको गं, पोट बरं नाही."

"एक तरी घ्या, ताई."

"नको म्हटलं ना!"

जुबेदाने बशी उचलली.

फाटकाशी सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा. आमच्याकडचं खाऊ नका, असं कुणी सांगितलं का तुम्हाला?"

मी तिथेच दोन्ही साचे काढून तिच्यासमोर धरले. "हे बघ! म्हातारीची थेरं!"

ती हसली, पण लगेच नाही. "चला आत, सांदणं निवतील."

साच्यांमुळे दात हुळहुळत होते, म्हणून मी सगळ्यांसमोर बोळक्या तोंडाच्या आजीसारखी मचमच करत तीन खाल्ली.

राग माझा मलाच आलाय. पण इतक्या वर्षांच्या शेजारणीला माझ्या नकाराचं तेच कारण आधी सुचावं? तिला असे नकार आणखी कुठे मिळाले, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही तुमच्या जुबेदाला विचारलंय?