दिवसाला चाळीस स्लाइड

जिल्ह्याच्या बैठकीत हिवताप अधिकारी साहेबांनी यादी वाचली आणि माझं नाव सगळ्यात शेवटी आलं. यादीत सगळ्यात वर होते शहापूरकडचे पाटोळे, दिवसाला सरासरी दीडशे स्लाइड. तळाला मी, सॅम्युएल गायकवाड, मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचा लॅब टेक्निशियन. माझ्या चाळीस.

स्लाइड म्हणजे काचेची पट्टी. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तिच्यावर घ्यायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली हिवतापाचे जंतू शोधायचे. एका स्लाइडवर शंभर ठिकाणी पाहायचं, असा नियम. माझ्या डोळ्यांना त्यासाठी सात-आठ मिनिटं लागत. पाटोळ्यांना किती लागत, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या भागात हिवताप जवळजवळ सापडतच नसे. त्याचंही श्रेय साहेब पाटोळ्यांनाच देत.

मी पाटोळ्यांवर जळत होतो. आम्ही ख्रिस्ती, तेव्हा जळणं बरं नव्हे हे माहीत होतं. म्हणून मी त्याला प्रार्थनेचं रूप दिलं होतं. देवा, मला वेग दे. आमचे पाळकसाहेब तीन चाकरांची गोष्ट फार रंगवून सांगत. धनी परदेशी जाताना एकाला पाच तालांत देतो, एकाला दोन आणि एकाला एक. तालांत म्हणजे त्या काळची भलीमोठी रक्कम. पाचवाला दुप्पट करतो, एकवाला ते जमिनीत पुरून ठेवतो. पाचवाल्याचं कौतुक आणि एकवाल्याची खरडपट्टी यातच पाळकसाहेबांची वेळ संपे. दोनवाला कधी आला, कधी गेला, कळतही नसे. मी स्वतःला पाचवालाच समजत होतो. फक्त आळशी.

भातकापणी संपत आली होती. तापाचे दिवस होते. आमचा आरोग्य सेवक वारघडे पाड्यापाड्यांतून पुडकीच्या पुडकी स्लाइड आणत होता. एका सोमवारी मी ठरवलं, आज बघूच. एका स्लाइडवर वीसच ठिकाणी पाहिलं. संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाल्या. सगळ्या निगेटिव्ह. आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवर सही केली, आकडा फोनवरून वर गेला, वारघडे पाड्यांवर 'काही नाही' सांगायला गेला, आणि मी शीळ घालत घरी गेलो.

जेवताना मात्र मी हिशोब मांडला. तापाच्या ऐन दिवसांत एकशे बारा माणसांपैकी एकालाही हिवताप नाही, हे मला स्वतःलाच पटेना. मंगळवारी दवाखाना उघडायच्या आधी जाऊन कालच्या स्लाइड पुन्हा काढल्या. दहाव्या स्लाइडला जंतू दिसले. अंगठीसारखे, बारीक. हा तो हिवताप, जो मेंदूत गेला तर माणूस हाती लागत नाही. चिठ्ठीवर नाव होतं जनी मुकणे, वय सव्वीस.

वारघडेला विचारलं. तो म्हणाला, "ती म्हसा रोडच्या वाडीवरची. पन आज सगली भट्टीवर चाललीत. दुपारला ट्रक येनार."

वीटभट्टी कुठली, हे त्या लोकांनाही तिथे उतरल्यावरच कळत असे. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच जीप काढायला सांगितली.

आम्ही पोचलो तेव्हा ट्रकमध्ये भांडी चढत होती. जनी गोधडी पांघरून उन्हात बसली होती. अंग भाजत होतं. भट्टीचा मुकादम म्हणाला, सरकारी माणसानेच काल काही नाही म्हणून सांगितलंय. तो सरकारी माणूस मीच होतो. मी जनीसमोर बसलो.

"काल मी नीट बघितलं नव्हतं, बाई. चूक माझी आहे."

तिने गोधडीतून हात पुढे केला. "आज नीट बघितलंस ना? मंग दे गोली."

मॅडमनी तिला केंद्रात आणून ठेवलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. उरलेल्या स्लाइड मी तीन दिवसांत नियमाप्रमाणे पाहिल्या. आणखी दोन जण निघाले, सुदैवाने गावातच होते.

आता प्रश्न आकड्याचा. एकशे बारावर वरून अभिनंदनाचं पत्र येऊन बसलं होतं. मी मॅडमना म्हटलं, तो आकडा खोटा आहे, कमी करायचाय.

"आकडा सुधारून वाढवायला फॉर्म आहे, गायकवाड," त्या म्हणाल्या. "कमी करायला नाही."

म्हणून मी अर्ज लिहिला. लिहिताना तो दोनवाला चाकर आठवला. त्याने दोनाचे चार केले. दहा का नाही केलेस, असं धन्याने त्याला विचारलं नाही. पाचवाल्याला दिली तीच शाबासकी शब्दही न बदलता त्याला दिली. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून हे माझ्या कानात शिरलं नव्हतं. मी लिहिलं: 'मी साधारण कुवतीचा कर्मचारी असून दिवसाला चाळीसच स्लाइड नीट तपासू शकतो. जास्त असल्यास आणखी एक माणूस मिळावा, ही विनंती.'

मॅडमनी तो दोनदा वाचला आणि खरंच पाठवू का, असं विचारलं. नोकरीत असा अर्ज त्यांनी पाहिला नव्हता.

साहेबांनी बोलावून घेतलं. माणसाने स्वतःला इतकं कमी लेखू नये, असं त्यांनी मला बराच वेळ समजावलं. मग म्हणाले, "मनात आणलंत तर तुम्हीही दीडशे करू शकता."

"करू शकतो साहेब. बघू शकत नाही."

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. त्याच आठवड्यात सगळ्यांच्या जुन्या स्लाइड फेरतपासणीला मागवल्या गेल्या. पाटोळ्यांच्या खोक्यात कित्येक काचा रंगवलेल्याच नव्हत्या. नुसतं वाळलेलं रक्त आणि खाली सही. पुढच्या महिन्यात त्यांच्या भागात कागदोपत्री हिवतापाची साथ आली.

पाटोळ्यांना मायक्रोस्कोपवरून हलवलं. पण रेकॉर्ड चांगलं असल्यामुळे त्यांना ट्रेनिंगला नेमलं. शहापूरला त्यांचं 'कामाचा वेग कसा वाढवावा' यावर दिवसभराचं व्याख्यान आम्हाला सक्तीने ऐकावं लागलं. बोलले मात्र उत्तम.

मला आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या केंद्राचा टेक्निशियन मदतीला मिळाला. वर्षाच्या शेवटी मॅडमनी माझा गोपनीय अहवाल संकोचत पुढे केला. शेरा होता 'साधारण'. मी लगेच सही केली. क्लार्कला वाटलं, मी वाचलाच नाही.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली, निवृत्त झालो. या खात्याने मला शिकवलं ते एवढंच: आपली कुवत लपवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चाळीस स्लाइड नीट बघून होतात.