दोन बोटांचा करदोडा

भागामावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी लेकराची वाटी हुडकायची. वाटी नाकाशी न्यायची, करंगळी बुडवून जिभेवर ठेवायची आणि डोळे बारीक करून लेकराच्या आईला विचारायची, "हे कुनी दिलं?" काय आहे, असं तिनं कधी विचारलं नाही. कुणी दिलं! जशी काही सगळी गल्ली तिच्या लेकरांच्या जिवावर उठली होती.

'तिची लेकरं' म्हणजे आमची. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत ती सुईण होती आणि तिच्या हातावर आलेलं पोर पाच वर्षांचं होईपर्यंत ती त्याच्यावरचा हक्क सोडत नसे. न बोलावता यायची. वाटीची तपासणी झाली की पोराला उभं करून त्याच्या कमरेच्या काळ्या करदोड्याखाली बोट सरकवायची. हा तिचा तराजू. करदोडा बांधायचीही तीच, त्यामुळे माप तिला पाठ. एक बोट सहज जायला हवं आणि दुसरं अडायला हवं. "दुसरं बी गेलं," ती म्हणायची, "म्हंजी लेकरू उतरून राह्यलंय आन आई झोपून राह्यलीय."

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, खोटं कशाला बोलू? मी चार बुकं शिकलेली. हे कोर्टात पेशकार. आमच्याकडे पितळी वाट्या, चिनी मातीची बशी. आणि ही बाई येऊन माझ्या लेकीच्या वाटीत करंगळी बुडवणार! मी एकदा म्हटलं, "मावशी, मी आई आहे तिची. मी काय विष घालीन?" तर म्हणते कशी, "तू न्हाई घालनार पोरी. पर तुझ्या हातानं दुसरा घालील."

ते लढाईचे दिवस होते. साखर कंट्रोलवर गेली होती. महिन्याची म्हणून जी मिळे ती आठ दिवसांत संपे. नेमकी त्याच वेळी माझी सुमन तापातून उठली. सव्वा वर्षाची पोर, मान काडीसारखी झालेली, आणि जिभेला चव नाही. दूध-पेज गोड असेल तरच घोट घ्यायची, नाहीतर तोंड गच्च मिटून घ्यायची. गूळ घालावा तर सासूबाईंनी बजावून ठेवलेलं, तापातल्या लेकराला गूळ उष्ण पडतो. मी रडकुंडीला आले. पोर हातची जाते की काय, या धास्तीनं मला घास गिळवेना.

मग एक दिवस यांनी सिकंदराबादच्या दोस्ताकडून एक बाटली आणली. बोटभर उंचीची, आत बाजरीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या. सॅकरिन. एक गोळी टाकली की फुलपात्रभर पेज गोड! सुमननं पहिल्याच दिवशी वाटी चाटूनपुसून संपवली. मला तर आनंदानं काय करू नि काय नको असं झालं.

भागामावशी दुसऱ्याच दिवशी हजर. करंगळी बुडवली, जीभ टाळ्याला लावली आणि तोंड वाकडं केलं. "हे कुनी दिलं?"

हेच घरात होते. म्हणाले, "मावशी, विलायती आहे. सायबाच्या मुलखातलं. बाटलीवर सगळं छापलेलं आहे."

"पेशकारसाब, चिठ्ठीला जीभ असती का?" असं म्हणून ती वाटी घेऊन उंबऱ्याशी गेली. पेजेचे चार थेंब तिनं फरशीवर टाकले, शेजारी कनवटीचा गुळाचा खडा कुस्करला आणि फतकल मारून बसली. थोड्या वेळानं मुंग्या आल्या. गुळावर तुटून पडल्या. पेजेकडे एकीनंही ढुंकून पाहिलं नाही.

हे हसले. "मावशी, मुंग्यांना काय कळतंय?"

"मुंगीला सायबाची चिठ्ठी वाचता येत न्हाई ना," मावशी उठता उठता म्हणाली, "म्हनून तिला बराबर कळतं."

मला ते ऐकून संताप आला. पण संशयाचं असं असतं, एकदा घरात शिरला की पाट मांडून बसतो. तरीही मी गोळी सोडली नाही, कारण सुमन पीत होती. दुधाचा रतीब कधी कमी यायचा, त्या दिवशी मी पेजेत पाणी वाढवायचे. गोडी तीच, सुमन तशीच गटागटा प्यायची. मग मी रोजच थोडं वाढवायला लागले. पीठ चमचाभर कमी, पाणी पेलाभर जास्त. पोर रडत नव्हती, वाटी रिकामी होत होती. आईला आणखी काय हवं असतं?

मावशी आठवड्यानं आली. करदोड्याखाली बोट घातलं, मग दुसरं. दुसरंही गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोरी, हे लेकरू लई उगी झालंय. मला भ्याव वाटून राह्यलंय."

आणि मी, चार बुकं शिकलेली मी, तिला म्हणाले, "तुमचीच दृष्ट लागली असेल. स्वतःला लेकरू नाही ना, म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही तुम्हाला!"

तिनं सुमनचा करदोडा नीट केला. पदर सावरला आणि गेली. मग पंधरा दिवस तिचं पाऊल आमच्या दारी पडलं नाही. इतर घरांत यायची. तिचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा, "हे कुनी दिलं?"

शेवटी एका दुपारी मीच सुमनच्या कमरेला हात लावला. एक बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरंही निम्मं गेलं. पोर माझ्याकडे बघून हसत होती, हातात रिकामी वाटी. मी तिला तशीच काखोटीला मारली आणि गल्लीच्या टोकाला मावशीच्या खोलीवर गेले. दारातच रडायला लागले.

मावशीनं आधी सुमनला घेतलं. पोटाला, मांड्यांना हात लावून पाहिलं. मग विचारलं, "पेज कशी करती? खरं सांग." मी सांगितलं. पाणी किती, पीठ किती, सगळं. ती डोक्याला हात लावून बसली. "आगं येडे, तिच्या जिभीला जेवू घालून राह्यलीस तू. पोटाला कोन घालनार?"

आणि मग, कुणाला कधी न सांगितलेलं तिनं मला सांगितलं. "तू म्हनलीस मला लेकरू न्हाई. व्हतं. आठ महिन्यांचं. मी अंबडकडं दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. लई रडायचं. एका बाईनं गोड गोळी दिल्ती, गुळात घोटलेली. दिली की दिसभर झोळीत उगी निजायचं. मी खूश. मला वाटलं, बाळसं धरून राह्यलंय. आफू व्हती ती. एक दिस उठलंच न्हाई." हे सांगताना तिचा हात सुमनच्या पाठीवरून फिरत होता. "तवापासून कुनाचं लेकरू सुखासुखी उगी झालं की मी इचारती, कुनी दिलं?"

मी तिचे पाय धरले. ती खेकसली, "पाय सोड, चूल पेटव."

तिनं गूळ पाण्यात विरघळवून फडक्यानं गाळला. तळाशी माती बसली होती ती मला दाखवली. "गूळ बी काई देव न्हाई. त्याला बी गाळून घ्यावं." ज्वारीच्या कण्यांची चमचा उभा राहील अशी पेज, त्यात बोटभर तूप आणि तो गूळ. सासूबाईंच्या उष्णतेचं काय, म्हटल्यावर म्हणाली, "थंड पडन्यापरीस उष्ण बरं."

सुमननं थुंकून टाकलं. तिला तीच विलायती गोडी हवी होती. दोन दिवस तिनं गल्ली डोक्यावर घेतली. माझा धीर सुटला, हात बाटलीकडे गेला, तर आमच्याच घरी येऊन बसलेल्या मावशीनं मनगट धरलं. "रडू दे. रडनारं लेकरू जितं असतं." तिसऱ्या दिवशी पोरीनं चार चमचे घेतले. महिन्याभरानं दुसरं बोट करदोड्याला अडलं, तेव्हा मावशीनं गल्लीभर सांगितलं, जणू तिलाच नात झाली होती.

खरं ते सांगायला हवं. उरलेल्या गोळ्या यांनी चहात टाकून संपवल्या आणि यांना काही झालं नाही. गोळीत विष नव्हतं. तिच्यात लेकराच्या अंगी लागण्यासारखंच काही नव्हतं, आणि ते मला कळत नव्हतं. मावशीला मात्र शेवटपर्यंत ते विषच वाटत राहिलं. तिच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती.

पुढे तीन-चार वर्षांनी संस्थानात लुटालुटीची धामधूम माजली आणि आम्ही हद्दीपलीकडे नगरला दिरांकडे निघालो. सगळं निवळल्यावर परत आलो तोवर मावशी गेली होती. तापानं गेली, शेजारच्यांनी सांगितलं. म्हणजे निघालो त्या दिवशीची भेट तीच शेवटची. टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मावशी धापा टाकत आली. पाच वर्षांच्या सुमनला तिनं टांग्यातच उभं केलं, परकर खाली सारून करदोड्यात बोट घातलं. एक गेलं, दुसरं अडलं. "बराबर," एवढंच म्हणाली. माझ्या हातात फडक्यात बांधलेली गुळाची लहानशी ढेप कोंबली आणि पाठ फिरवून चालू लागली. एकदाही वळून पाहिलं नाही.

गाव मागं पडल्यावर सुमननं गूळ मागितला. मी गाठ सोडली, खडा फोडला आणि, काय सांगू, तिला द्यायच्या आधी माझ्याच जिभेवर ठेवला. मावशीनं दिलेला गूळ! पण तिनंच लावलेली सवय, काय करणार? दाताखाली एकही कण कचकचला नाही. आमची निघायची घाई, गावात ती धामधूम, तरी त्या बाईनं तो गूळ वितळवून, गाळून, पुन्हा थापून आणला होता.