डार्लाच्या गाडीचे दिवे

ओहायोतल्या त्या तळ्याकाठच्या गावात डार्ला कोव्हाकनं उभा जन्म लोकांचे केस कापले, पण गावाच्या लेखी ती तळ्यात मेलेली पोरगीच राहिली. ती एकोणीस वर्षांची असताना गावात एका भयपटाची मंडळी उतरली होती. मुखवटेवाला खुनी, उन्हाळी शिबिरातली पोरं, आणि ठरलेला नियम: जी पोरगी पोराबरोबर अंधारात जाते, ती पहिली मरते. ती पोरगी डार्ला. लाल जाकीट काठावर टाकायचं, पाण्यात उतरायचं आणि मरायचं, एवढंच काम.

तिचा बाप एमिल मोठ्या हौसेनं डार्लाला आणि चर्चमधल्या अर्ध्या लोकांना घेऊन ओपन एअर थिएटरात गेला. गाडीत बसून सिनेमा बघायचा, अंधारात दिवे लावायचे नाहीत, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पडद्यावर पोरीनं जाकीट काढलं आणि बापानं गाडी चालू करून दिवे लावले. पडदा पांढराफटक! भोंगे वाजले, शिव्या पडल्या, बाप तिला घेऊन सिनेमा अर्ध्यावर सोडून निघाला आणि सगळं गाव डार्लाकडे बघत राहिलं. बापानं मरेपर्यंत तो विषय काढला नाही. तिला मात्र जाकीट बघितलं तरी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता तिची लेक केल्सी! तसल्याच जुन्या सिनेमांना मुजरा करायचा म्हणून बाईसाहेबांनी नवा भयपट काढला. माळ्यावरचं लाल जाकीटही न विचारता उचललं.

"आई, पहिल्या रांगेत जागा ठेवलीय तुझी. यायचंच हं."

"कशाला? माझं मढं पुन्हा बघायला?"

"अगं, बघ तर खरं!"

ती गेली. त्याच थिएटरच्या फाटकावर त्या रात्रीही तिकिटं फाडणारा रॉइस होता, आता म्हातारा झालेला. "आज तरी शेवटपर्यंत बस गं बाई," तो हसत म्हणाला. ते तिला झोंबलंच.

सिनेमा संपत आला आणि पडद्यावर तेच तळं, तेच जाकीट, तशीच पोर. शेजारच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली डार्ला! आता गेली बघ!" लोक फिदीफिदी हसले. डार्लाचे कान तापले. पोटची पोर, आणि तिनंच चारचौघांत असं उघडं पाडावं? मुखवटेवाला पाण्यात उतरला तशी तिनं किल्ली फिरवली आणि पळायच्या घाईत दिव्यांचा खटका दाबला.

पडदा पुन्हा पांढराफटक. भोंग्यांचा नुसता कल्लोळ. रॉइस धावत आला आणि काचेवर थापा मारू लागला, "बंद कर, बये! बापाचीच लेक शोभतेस!"

तिनं दिवे विझवले. पडद्यावर पहाट झाली होती. ती पोर ओल्या केसांनी लाल जाकीट घालून रस्त्यानं चालली होती, जिवंत. मग अक्षरं आली: 'माझ्या आईसाठी. ती मरायला नको होती.'

केल्सी गाड्यांमधून धावत आली. रागावली नाही, तेच वाईट.

"ती त्याच्या हातून कशी सुटते, तेवढंच तुला दाखवायचं होतं गं," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी केला सगळा सिनेमा."

सगळं गाव आता केल्सीकडे बघत होतं. गाडीत बसलेल्या डार्लाला ती नजर ओळखीची होती. मान वर करायची लाज वाटत होती, तरी तिनं काच खाली केली आणि बाप तिला जे कधीच म्हणाला नाही ते म्हणाली.

"चुकलं माझं, पोरी."