येळगावचा नंबर

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती आणि सलग दोन वर्षं पाऊस नव्हता. सिद्रामप्पांनी कापडाचं दुकान मोडून कॉम्प्युटर सेंटर काढलं होतं. जगदेवी तिथे प्रोग्राम लिहायची. कचेरीचं टँकरचं काम मिळालं, ते तिनं एकटीनं केलं.

एकसष्ट गावं एका अ‍ॅरेत, म्हणजे एकाच नावाखाली रांगेनं मांडलेली. सगळ्यात कोरडं गाव पहिलं. टँकर वीसच, म्हणून पहिल्या वीस गावांना पाणी. जगदेवीचं माहेर, येळगाव, चौथं होतं.

ऐन वेळी सिद्रामप्पा म्हणाले, "बाई, साहेबाला गावं सापडंनात. एबीसीडीनं लावून एक कागद काढा. नुसता बघायला."

तिनं एक छोटी प्रोसिजर, म्हणजे प्रोग्राममधला एकच काम करणारा तुकडा, लिहिली आणि तिच्याकडे अ‍ॅरे सोपवला. मूळ कागद ट्रंकेत ठेवायचा, बाहेर द्यायची ती नक्कल, ही सासर-माहेरची रीत. कॉम्प्युटरही नक्कलच देत असणार, असं ती धरून चालली. पण प्रोसिजरच्या हाती गेला तो मूळ अ‍ॅरेच. नावं फिरली ती मुळातच फिरली, आणि पुढच्या प्रोसिजरनं त्याच रांगेवर टँकर वाटले. विहिरीला पाणी असलेली गावं वर गेली. वाय अक्षराचं येळगाव एकसष्टावं. यादीवर सह्या होऊन गेल्या, मगच तिच्या ते लक्षात आलं.

आठ दिवसांनी आई, सिद्धम्मा, एसटीनं आली. उभ्या-उभ्याच दोन तांबे पाणी प्याली.

"यादी तू केलीस म्हणं?"

"अव्वा, चूक झाली. मला माहीत नव्हतं."

"आता तर माहीत हाय न्हवं?"

जगदेवी तशीच सेंटरात गेली. "आप्पा, एक ओळ वाढवली की झालं. आधी अ‍ॅरेची नक्कल काढायची, मग तीच द्यायची. नवी यादी देऊ."

"आन् साहेबाला काय सांगू? आठ दिस भलत्याच गावांना पाणी पाजलं म्हणून? काम जाईल, बाई. तुमची नोकरी बी." मग ते हळू आवाजात म्हणाले, "येळगाव तुमचं माहेर न्हवं का? विसाव्यावर टाका. एक नाव बदललेलं कोण बघतंय?"

विसाव्या जागी धानोरा होतं. खऱ्या यादीत ते दुसरं. जगदेवीला ते पाठ होतं. तिनं धानोरा पुसलं आणि येळगाव टाइप केलं.

गुरुवारी येळगावात टँकर गेला. अव्वाचा निरोप आला, गाव तुझं कौतुक करतंय.

सोमवारी धानोऱ्याचा सरपंच आला. कचेरीनं त्याला इकडे पाठवलं होतं. टोपी हातात घेऊन म्हणाला, "ताई, आमचं नाव कसं काय उडालं, बघता का जरा?"

जगदेवीनं त्याला खुर्ची दिली.

"यादी कॉम्प्युटरनं काढलीय, दादा," ती म्हणाली. "त्यात माणसाचा हात नसतो."