अमावस्येला मुकी राहिलेली घंटा

ती घटना आजही आठवते, आणि हल्ली जरा जास्तच. लेकीने दाराशी हालचाल टिपणारा सेन्सर बसवून तो लॅपटॉपला जोडलाय. मी नुसता पाण्याला उठलो तरी लॅपटॉप बोंबलतो. ती वैतागते, आणि मला सत्तरच्या दशकातली नागपूरची एक घंटा आठवते.

तेव्हा मी फौजदार होतो. आमच्या हद्दीत हातमागाचा एक कारखाना होता. मालकाच्या धाकट्या भावाला विजेच्या कामाचा भारी नाद. रेशमी लुगड्यांच्या खोलीच्या दारात त्याने एका बाजूला दिवा आणि समोर ‘विजेचा डोळा’ बसवला होता. मधून कोणी गेलं, उजेड अडला, की घंटा वाजायची. तरीही लुगडी गेली आणि घंटा वाजली नाही.

मालक तणतणत ठाण्यात आला. “आमचा जुना विणकरच आहे साहेब! त्याचा माग घंटीच्या बाजूलेच आहे. त्याले आत टाका.” मोहल्ल्यात त्याने म्हाताऱ्याला चोर ठरवूनही टाकलं होतं.

तक्रार नोंदवून म्हाताऱ्याला बोलावलं. हवालदाराचे हात शिवशिवत होते. त्याला मी चहा आणायला पिटाळलं. मारून कबुली मिळते, खरं मिळेलच असं नाही.

“बाबा, लुगडी कधी गेली?”

“अमावस्येले, साहेब. त्या दिवशी माग बंद राहते, पूजा राहते. मी माह्या घरी होतो.” त्याचे डोळे भरले. “पोरीची सोयरीक जमून राहिली. चोराची पोरगी कोण करन?”

पंचांना घेऊन मी कारखान्याला लागूनच असलेल्या मालकाच्या घरी गेलो. पूजेच्या दिवशी घंटा चालू असते का, असं मालकिणीला विचारलं.

“नाही जी,” ती सहज म्हणाली. “उदाचा धूर झाला का ते वाजतच राहाते. म्हणून भाऊजी वायर काढून ठेवतात, संध्याकाळी लावून देतात.”

भाऊजी, म्हणजे तो धाकटा भाऊ, शेजारीच उभा होता. चेहरा पांढराफटक.

“वायर काढल्यावर खोलीत कोण गेलं?” मी विचारलं. त्याने थोडी टोलवाटोलवी केली, मग चोरी कबूल केली. लुगडी इतवारी बाजारातल्या एका दलालाकडे सापडली.

“बाबा, तुम्ही सुटलात,” मी विणकराला सांगितलं. तो उठेचना.

“चोर तर मले मोहल्ल्यात म्हटलं, साहेब. इथं ठाण्यात सुटून काय करू?”

मग भरदुपारी, पूर्ण गणवेशात, मी त्याच्यासोबत पायी निघालो. मालकालाही घेतलं. चौकात सगळ्यांसमोर त्याने हात जोडून म्हाताऱ्याची माफी मागितली.

घंटा फार तर कोणी आलं एवढं सांगते. कोण आलं ते माणसांनाच विचारावं लागतं. आणि चोर सापडला म्हणून पोलिसाचं काम संपत नाही, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं.

पोलीस दारात आला की लोक दार लावून घेतात. त्याने मात्र पोरीच्या लग्नाला बोलावताना बजावलं होतं, “साहेब, वर्दीतच या.”